बुडण्याची परीक्षा

मी पास झाले. ह्येरान महिला विद्यापीठाच्या दीक्षांत समारंभात काळा झगा घालून, टोपीचा गोंडा नाकावर घेऊन मी मंचावर गेले आणि पदवी घेतली. टाळ्या वाजल्या. आई वांदो बेटावरून वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं खोकं घेऊन आली होती, ते मांडीवरून खाली ठेवून तिनंही वाजवल्या.

असं काहीही झालेलं नाही. वरचं वाचलंत तसं सोडून द्या. नापास व्हायचा इतका पक्का निश्चय केलेली मुलगी पास होईल हे कुणालाच पटणार नाही. मलाही पटत नाही. तेव्हा ते घडलेलं नाही असं धरून आपण सुरुवातीपासून सुरुवात करू.

माझं नाव यॉम हान-बी. माझ्या विभागाचं नाव 'भविष्यतंतू कंटेंट विभाग'. प्रवेश घेताना मला वाटलं होतं, कंटेंट म्हणजे व्हिडिओ. कॅमेरा, दिवे, चेहऱ्याला लावायची पावडर. पहिल्या दिवशी साकोंग मि-ओक मॅडमनी माझ्या हातात बांबूची परडी दिली. परडीत शेदोनशे किडे तुतीचा पाला खात बसले होते. खाताना पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज येत होता.

"मॅडम, कंटेंट कुठंय?" मी विचारलं.

"परडीत," मॅडम म्हणाल्या.

विभागाचं मूळ नाव रेशीमकीटक विभाग. मग देश श्रीमंत झाला आणि मुलीच्या पदवीवर 'कीटक' असणं पालकांना आवडेना, म्हणून तो रेशीम अभियांत्रिकी विभाग झाला. अभियांत्रिकी म्हटलं की मुली घाबरतात असं एका पुरुषांच्या समितीला वाटलं, म्हणून तंतू आणि जीवन. मग जैवतंतू समन्वय. शेवटी भविष्य आलं. दर वेळी दारावरची पाटी बदलली. आतले किडे तेच. त्यांना कुणी कळवलं नाही.

हे किडे विद्यापीठापेक्षा एका वर्षानं मोठे आहेत. संस्थापिका चांग सुन-ग्योम बाईंनी जपान्यांच्या अमलात एका मिठाच्या कोठारामागे मुलींची रात्रशाळा काढली, तेव्हा त्या फी म्हणून मूठभर कोश घ्यायच्या. कोश विकून खडू आणायच्या. शाळेतल्या अर्ध्या मुलींच्या पाठीवर मूल बांधलेलं असायचं, म्हणून बाईंनी पहिला नियम केला: मूल रडलं तरी धडा थांबणार नाही. दुसरा नियम: प्रत्येक मुलीला पोहता आलं पाहिजे. बाई स्वतः नदी ओलांडून यायच्या आणि एकदा नाव उलटली होती. 'ह्येरानची मुलगी बुडता कामा नये' हे त्यांचं वाक्य आजही मुख्य इमारतीवर कोरलेलं आहे. नवीन मुलींना ते सुविचार वाटतं. ते सुविचार नाही, पदवीची अट आहे. विद्यापीठाच्या पोहण्याच्या तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहून गेल्याशिवाय ह्येरानमधून कुणी पदवीधर होत नाही.

मग कोरियन युद्ध आलं. ऐन जानेवारीत विद्यापीठ दक्षिणेच्या टोकाला, पुसानला पळालं. पुस्तकं नेता आली नाहीत. रेशीम विभागाच्या मुलींनी अंडीपुंज नेले. म्हणजे कागदावर चिकटलेली किड्यांची अंडी, मोहरीपेक्षा बारीक. मालगाडीच्या टपावर बसून, कागद छातीशी बांधून नेले. आता, ही अंडी हिवाळ्यात गारच ठेवायची असतात, हे आमच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकाचं पहिलं पान आहे. पण त्या पोरींना वाटलं, बिचारी अंडी, गारठतील. छातीच्या उबेनं अंडी पुसानच्या अलीकडेच फुटली. बाहेर बर्फ, तुतीला एक पान नाही आणि चोळीत हजारो भुकेली बाळं. मुलींनी पुसानमधली झाडपाल्याच्या औषधांची दुकानं पालथी घातली. तिथं काढ्यासाठी तुतीचा वाळलेला पाला मिळतो. तो भिजवून, पुसून, कात्रीनं बारीक करून चारला. बहुतेक मेले. उरले त्यांचा वंश आमच्या तळघरातल्या संगोपनगृहात आहे. पिवळट, बुटके, कोश लहान, धागा जाडाभरडा. सरकारी संशोधन संस्थेला मॅडमनी विचारलं होतं, तुम्ही ठेवता का हे वाण? उत्तर आलं, 'उत्पन्नाच्या दृष्टीने निरुपयोगी'. म्हणजे जगात या किड्यांना जागा एकच, आमचं तळघर. एक वर्ष कुणी वाढवले नाहीत, तर संपले.

आणि आता पोरंच जन्माला येईनाशी झाली. आमच्या विभागाचा प्रवेश बंद झाला. वरच्या ताया पदवी घेऊन गेल्या, माझ्या वर्गातल्या मुली व्यवसाय व्यवस्थापनात गेल्या. मी राहिले. विद्यार्थिनी संघाच्या नियमाप्रमाणे विभागाची सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते, म्हणून मी घेतली. अध्यक्ष मी. मी ठराव मांडला, मीच अनुमोदन दिलं. लोकशाही दिसावी म्हणून थोडा विरोधही केला. विरोधी बाजूनं चांगला मुद्दा काढला, त्यामुळे सभा लांबली.

त्याच आठवड्यात प्यो साहेब आले. प्यो ग्यू-चोल, शैक्षणिक कार्यालयाचे प्रमुख. हातात जीवनसत्त्वाच्या पेयाच्या बाटल्यांचं खोकं. आमच्याकडे कुणी असं खोकं घेऊन आलं की समजायचं, वाईट बातमी आहे. प्यो साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांना विद्यापीठाची सगळी नियमावली तोंडपाठ होती आणि नियम विचारला की तो त्यांच्या तोंडून पडल्याशिवाय राहायचा नाही. शिंक यावी तसा.

"अभिनंदन हं, हान-बी," ते म्हणाले. "फेब्रुवारीत तू पदवीधर. घे, थंड आहे."

"आणि विभाग?"

"तूही पुढं जायचं, विभागानंही पुढं जायचं."

"कुठं?"

साहेबांनी बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं. "इथं नवउद्योजक मुलींसाठी बैठकीची खोली होणार आहे. कॉफीचं यंत्र, झोपाळा वगैरे."

"किड्यांचं काय?"

"त्यांची योग्य ती व्यवस्था होईल."

"म्हणजे मारणार."

"नोंद करून," साहेब म्हणाले.

मी परडीकडे बघितलं. किडे शेवटची कात टाकायला डोकी वर करून गप्प बसले होते, सभा चालू असल्यासारखे. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "साहेब, विभाग बंद करायचा नियम काय आहे?"

"विभागात शिकणारी एकही विद्यार्थिनी उरली नाही, तरच विभाग बंद करता येतो. एक जरी असेल, तर विभाग, प्रात्यक्षिक आणि संगोपनगृह चालू ठेवणं बंधनकारक," साहेब एका दमात म्हणाले. आणि मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "नाही हं. हान-बी. असलं काही करायचं नाही."

नापास होणं वाटतं तितकं सोपं नाही. पदवी लांबणीवर टाकायचा अर्ज केला, तो फेटाळला. बंद होणाऱ्या विभागाला ती सोय नाही. रजा घेतली तर मी 'शिकणारी' ठरत नाही. परीक्षेला गैरहजर राहिले तर नावच कमी होतं. रोज हजर राहून, मन लावून, नियमानं नापास होणं हाच एक मार्ग होता. आधी मी साकोंग मॅडमकडे गेले. त्या फेब्रुवारीत निवृत्त होणार होत्या.

"मॅडम, मला किडेपालनात नापास करा."

"तुझे कोश बघितलेस?" मॅडम चष्म्यावरून म्हणाल्या. "इतके चांगले कोश या वाणाचे मी बघितले नव्हते."

"पण त्यांच्याच जिवासाठी सांगतेय ना."

"हे बघ, हान-बी. मी आयुष्यभर मुलींना गुण दिले. कुणी रडली म्हणून दिले नाहीत, कुणी हसली म्हणून कापले नाहीत. आता जाता जाता खोटं करू? तू नापास व्हायच्या लायकीची नाहीस. जा."

"दुसरं काही नाही का?"

मॅडमनी परडीतला वाळका पाला उचलला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुझी पोहण्याची परीक्षा राहिलीय ना अजून?"

राहिली होती. मी ती शेवटच्या सत्रासाठी ठेवली होती, कारण मला तिची काळजीच नव्हती. आमच्या वांदोत पोर आधी पोहतं, मग चालतं. आई समुद्रात दोर बांधून खायचं शेवाळ पिकवते, त्या दोरांमधून मी शाळेत असल्यापासून पोहतेय.

मी आईला फोन केला.

"आई, मला बुडायला शिकायचंय."

"डोकं फिरलंय का तुझं?" आई म्हणाली. मागं बोटीचं इंजिन चालू होतं. "चार वर्षं किडे पाळलेस. आता नापास व्हायला परत फी भरायची? शेजारचा ग्वाक विचारतो, मुलगी काय करते. मी सांगते, कंटेंट."

"आई, किडे मरतील."

इंजिन बंद झालं. "श्वास सोडून दे," आई म्हणाली. "छातीत हवा असली की वर येतेस. सगळी सोड, मग दगडासारखी जाशील. आणि तोंड बंद ठेव. त्या पाण्यात क्लोरीन असतं."

पहिल्या परीक्षेच्या दिवशी वरच्या बाकांवर नाम ओक-हुई ताई येऊन बसल्या होत्या. नामताईंचं वय ब्याऐंशी. दर हंगामात पाला तोडायला यायच्या, आम्हाला शिव्या घालायच्या, किड्यांना नाही. कुठल्या वर्षाच्या ते कुणी विचारलं नव्हतं, पण विभागाच्या सगळ्यात जुन्या ताई त्याच. ह्येरानमध्ये आधी शिकलेली प्रत्येक बाई ताई असते. कुणी त्यांना आजी म्हटलं की त्या पाठीत परडी घालायच्या. त्यांच्या हातात कागदी पेला होता आणि पेल्यात रस्त्याकडेला मिळतो तो उकडलेल्या रेशीमकिड्यांचा खाऊ. हे त्यांना कधीच विचित्र वाटलं नाही. "जिवंत असताना सेवा करायची, मेल्यावर वाया घालवायचं नाही," असं त्यांचं म्हणणं.

कोचनं शिट्टी वाजवली. मी उडी मारली, सगळी हवा सोडली आणि तळाला जाऊन बसले. तिथं शांत होतं. कुणाची तरी केसांची पिन पडली होती. कोच आत आली आणि मला मानगुटीला धरून वर घेऊन गेली.

"तू वांदोची ना?" ती म्हणाली.

"हो."

"वांदोची मुलगी बुडते?"

"वांदोचे लोकही बुडतात, मॅडम. बातम्यांत येतं."

"नापास," कोच म्हणाली. वरून नामताई ओरडल्या, "शाब्बास गं पोरी!"

दोन दिवसांत समिती बसली. प्यो साहेब तळघरात आले, हातात बाटल्यांचं खोकं. "नियमात दुरुस्ती झाली," ते म्हणाले. "पोहायलाच पाहिजे असं नाही. पाण्यातून पलीकडे जायचं, बस. कठडा धरून चालत गेलीस तरी चालेल."

"साहेब, चालण्याला पोहणं म्हणायचं?"

"पाण्यात चालणं हे पोहण्याच्या दिशेनं टाकलेलं पाऊल आहे," साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांनी समितीतही म्हटलं असणार, कारण म्हणताना ते थोडे सरळ उभे राहिले.

दुसऱ्या परीक्षेला मी पोहायची टोपी न घेता गेले. टोपीशिवाय तलावात कुणालाही उतरता येत नाही, कुलगुरूंनाही नाही. प्यो साहेबांनी खिशातून विद्यापीठाचं चिन्ह असलेली नवी टोपी काढून माझ्या हातात दिली. घातली. उतरले. मी अर्ध्यापर्यंत चालत गेले, विचार केला आणि चालत परत आले.

"परत का आलीस?" साहेब किंचाळले.

"कुठं जायचं होतं ते विसरले."

तिसऱ्या परीक्षेला सकाळपासून बर्फ पडत होतं. साहेब बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून खोल टोकाला जाऊन उभे राहिले. हातात दोर होता, दोराच्या दुसऱ्या टोकाला तरंगायची कडी. नवी दुरुस्ती अशी की, मी फक्त कडी धरायची, साहेब ओढणार, मी पलीकडे पोचले की पास. हे कुठल्या कलमात बसतं हे मी मुद्दाम विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

"धर!" साहेब पलीकडून ओरडले. "काही करू नकोस! नुसती धर!"

मी पाण्यात उतरले, कडी धरली. साहेबांनी ओढलं. मी तलावाच्या कठड्याच्या शिडीत पाय अडकवले.

"सोड शिडी!"

"मला भीती वाटते, साहेब!"

"अगं, तुझ्या आईचं शेवाळ आमच्या घरी येतं! मला माहितीये तुला भीती वाटत नाही!"

ते ओढत होते, मी ओढत होते. सणाला गावात रस्सीखेच होते तशी आमची रस्सीखेच चालली. नामताई वरून ठेका धरायला लागल्या, "यॉन्गचा! यॉन्गचा!" साहेबांचा कोट खांद्यावरून उतरला. ते अंगानं भरलेले, सगळं वजन मागं टाकून ओढत होते. मी सुद्धा इतकी जिद्दीला पेटले होते की एक जोरदार हिसका दिला. निळ्या पिशव्या ओल्या फरशीवर सरकल्या आणि प्यो साहेब हातात दोर घेऊन, शैक्षणिक कार्यालयाच्या टायसकट खोल पाण्यात गेले.

ते वर आले नाहीत. मग आले. मग परत गेले. एक बूट तेवढा तरंगत राहिला.

कोचनं लगेच सूर मारला. कोच राष्ट्रीय संघात होती. पण मी वांदोची आहे. मी कधी निघाले ते मला कळलं नाही. अर्ध्या वाटेत लक्षात आलं की मी पोहतेय, आणि छान पोहतेय. क्षणभर वाटलं, थांबावं. तळघरातल्या फ्रीजमधले अंडीपुंज डोळ्यांसमोर आले, त्यांच्यावरचे ते बारीक करडे ठिपके. पण साहेब बुडत होते आणि ते खरं बुडत होते, माझ्यासारखं नाही. मी त्यांच्या हनुवटीखाली हात घातला, त्यांना उताणं केलं आणि ओढत नेऊन पलीकडच्या कठड्याला टेकवलं.

कोच पोचली. तिनं आधी साहेबांचा श्वास बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग मी निघाले होते त्या टोकाकडे.

"हे टोक," ती हळू म्हणाली. "ते टोक. हान-बी, तू पास."

"मी वाचवत होते!"

"फॉर्मवर कारण लिहायला जागा नाही," कोच म्हणाली. तिचे डोळे लाल होते, पण ते क्लोरीननंही होतात.

मी फरशीवर बसले आणि रडायला लागले. साहेब शेजारी पंचा गुंडाळून बसले होते. डोक्यावर कुणीतरी विद्यापीठाची टोपी चढवली होती. "माफ कर," ते दात वाजवत म्हणाले. "तू मला... आणि मी तुला... माफ कर गं बाळा."

नामताई जिना उतरून आल्या. काठी फरशीवर टेकवत सावकाश. माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"रड," त्या म्हणाल्या. "तू निदान आत बसून रडतेस. मला फाटकाच्या बाहेर रडावं लागलं."

मी वर बघितलं. "ताई, तुम्ही कधी?"

"शेवटच्या वर्षाला. लग्न केलं ना मी. तेव्हा ह्येरानमध्ये लग्न झालेल्या मुलीला ठेवायचे नाहीत. मी लपवलं होतं. पोटानं सांगितलं." त्यांनी पेल्यातला शेवटचा किडा तोंडात टाकला. "माझे किडे चौथी कात टाकत होते. मी म्हटलं, दोन आठवडे द्या, कोश होऊ द्या, मग काढा. वॉचमननं फाटक लावलं. पुढच्या वर्षी मी मूल पाठीवर बांधून मागची भिंत चढून आले, पाला तोडला, ठेवून गेले. तेव्हापासून येतेय. तुम्हाला वाटायचं मी पदवीधर. मी कधी म्हटलं नाही, तुम्ही कधी विचारलं नाही."

साहेबांचे दात अजून वाजत होते.

नामताई त्यांच्याकडे वळल्या. "काय रे पोरा. लग्नामुळे काढलेली मुलगी परत येऊ शकते का?"

मी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी ओठ घट्ट मिटले. डोळे मिटले.

"विवाहबंदी रद्द करताना पुरवणी कलम घालण्यात आलं," त्यांच्या तोंडून पडलं, "त्यानुसार बंदीमुळे नाव कमी झालेल्या विद्यार्थिनीस मूळ विभागात पुनःप्रवेशाचा हक्क राहील, वयाची अट नाही, मुदत नाही." मग ते डोळे उघडून म्हणाले, "ते काढायचं राहून गेलं. आम्हाला वाटलं, आता कोण येतंय."

"मूळ विभागात," साकोंग मॅडम म्हणाल्या. त्या दारात कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. "म्हणजे रेशीमकीटक विभागात. त्याचंच आजचं नाव..."

"नाव काहीही असू दे," नामताई म्हणाल्या. "किडे तेच आहेत ना?"

जानेवारीत पुनःप्रवेशाची खिडकी उघडली. मी नामताईंना हाताला धरून नेलं. काचेपलीकडच्या मुलीनं विचारलं, "नाव कमी होण्याचं कारण काय होतं, आजी?"

"ताई," नामताई म्हणाल्या. "लग्न. पण नवरा वारला. आता हरकत नसावी."

कुलगुरूंच्या कार्यालयात बैठका झाल्या. वकील आले, कलम वाचलं, गेले. एका पेपरवाल्याला बातमी लागली आणि त्यानं नामताईंचा तुतीच्या झाडाखाली फोटो छापला. त्यानंतर कुणाची नाही म्हणायची छाती झाली नाही. कॉफीचं यंत्र आलं होतं, ते परत गेलं. झोपाळा राहिला. तो आम्ही तळघरात टांगला. परड्या ठेवायला सोयीचा पडतो. साकोंग मॅडम शुक्रवारी निवृत्त होऊन सोमवारी मानद व्याख्यात्या म्हणून परत आल्या, त्याच खुर्चीत. चालू विभागाला एक मदतनीस लागतो आणि त्याला पदवी लागते. ती माझ्याकडे होती.

मार्चमध्ये विभागाची सर्वसाधारण सभा झाली. नामताई अध्यक्ष, नामताई सभासद. मला मताचा अधिकार नव्हता, म्हणून मी बार्लीचा चहा केला. विरोधी बाजू अजिबात नव्हती. ताईंना विरोध करण्याची हिंमत ताईंमध्येही नाही.

मेमध्ये तुतीला पालवी आली. आम्ही फ्रीजमधून अंडीपुंज बाहेर काढले, उबेला ठेवले. सकाळी बघतो तर कागदावर काळ्या मुंग्यांएवढी बाळं वळवळत होती. नामताईंनी पिसानं ती एकेक करून कोवळ्या पानावर उतरवली.

त्याच दिवशी प्यो साहेब आले. या वेळी बाटल्या नव्हत्या, उकडलेल्या किड्यांचा पेला होता. ताईंच्या शेजारी बसून त्यांनी दोन खाल्ले. तिसरा हातात घेऊन नुसता फिरवत बसले.

"काय रे, पोटात काय आहे?" ताई म्हणाल्या. "ओक."

"ताई, तुम्ही विचारू नका. विचारलंत की मला सांगावं लागेल."

"विचारलं."

"शिक्षणाची कमाल मुदत," साहेब जमिनीकडे बघत म्हणाले, "पुनःप्रवेशापासून आठ वर्षं. त्यानंतर नाव आपोआप कमी होतं. आणि वरचे लोक म्हणतात..." इथं ते थांबले.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, आठ वर्षांचीही गरज पडणार नाही. थांबू या."

मला वाटलं, ताई आता साहेबांच्या पाठीत परडी घालणार. त्यांनी घातली नाही. त्या पानावरच्या बाळांकडे बघत राहिल्या. मग पीस खाली ठेवलं, हात पुसले आणि म्हणाल्या, "हान-बी, कागद घे. आणि हे बघ, पोरा, सरकारी भाषा चुकली तर तिथल्या तिथं सांग."

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. साहेबांनी दोन ठिकाणी दुरुस्ती केली. तिसऱ्या ठिकाणी ते करणार होते, पण त्यांना नाक पुसावं लागलं. मग त्यांनीच आवक शिक्का मारला. अर्ज असा:

मा. कुलगुरू, ह्येरान महिला विद्यापीठ, यांस.

विषय: शिक्षणाच्या कमाल मुदतीत वाढ मिळणेबाबत.

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदार ही रेशीमकीटक (सध्याचे नाव आपणांस ठाऊक आहे) विभागाची नियमित विद्यार्थिनी असून, तिच्या शिक्षणात पडलेला साठ वर्षांचा खंड हा विद्यापीठाने फाटक लावल्यामुळे पडलेला आहे. सबब, सदर साठ वर्षे अर्जदारास पूर्णपणे परत मिळावीत व ती चालू आठ वर्षांस जोडून द्यावीत. अर्जदारास पोहता येत नाही व ते शिकण्याचा तिचा विचार नाही, याची नोंद घ्यावी. अर्जदाराचे आजचे वय ब्याऐंशी असल्याने, सदर मुदत संपेपर्यंत, म्हणजे वयाच्या एकशे पन्नासाव्या वर्षापर्यंत, अर्जदारास पाला तोडता येईल इतपत धडधाकट अवस्थेत जिवंत ठेवण्याची आवश्यक ती तजवीज संबंधित खात्यामार्फत विनाविलंब करण्यात यावी, ही नम्र विनंती.